तरला की तारला?

वाचक भगिनीचं पत्र :

ताई, प्रभूमध्ये सलाम. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून मंडळीत येत नाही. भांडण नाही, काही घडलंही नाही. एक दिवस म्हणाला, ‘मला आता हे खरं वाटत नाही,’ आणि यायचा थांबला. मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. मध्यंतरी आमच्या अभ्यासगटात बायबलातल्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय सुरू झाला आणि गटाचे दोन तट पडले. माझे यजमान म्हणतात, देवानं ज्यांना निवडलंय ते येतातच, बाकीच्यांचं आपण काही करू शकत नाही. सासूबाई म्हणतात, देव कुणावर जबरदस्ती करत नाही, माणसानंच दार उघडायचं असतं; आणि वर हेही म्हणाल्या की तुझीच साक्ष कुठेतरी कमी पडली असणार. हे भावाच्या कानावर गेलं. तो हसून म्हणाला, ‘तुमच्या देवानं मला निवडलंय की नाही ते आधी तुमच्यात ठरवा, मग मला बोलवा.’ त्या दिवसापासून माझी प्रार्थनाच बंद पडली आहे. त्याचं नाव घेते आणि पुढे शब्द फुटत नाही. आधीच ठरलेलं असेल तर मागून काय होणार? आणि सगळं त्याच्यावरच असेल तर देवाकडे मागायचं तरी काय? खरं कोण, ते सांगा.

— एक बहीण

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम. तुम्ही ‘खरं कोण’ असं विचारलंय, पण खरा प्रश्न त्याच्या आधीच्या दोन ओळींत येऊन गेलाय. यजमानांचं धरलं तर प्रार्थनेला अर्थ उरत नाही, सासूबाईंचं धरलं तर देवाच्या हातात काही उरत नाही. भांडतायत ते दोघं, आणि तोंड मिटलंय तुमचं. म्हणून निकालाचं नंतर बघू. आधी प्रार्थना कुठे अडकली ते शोधू.

ज्या अध्यायावरून हे सुरू झालं तोच पुन्हा उघडा. मात्र कुंभार आणि मातीच्या गोळ्यापासून वाचू नका, पहिल्या ओळीपासून वाचा. नववा अध्याय म्हटलं की सगळे याकोब-एसाव, फारो, कुंभार या निवडीच्या दाखल्यांकडेच धाव घेतात; सुरुवातीच्या ओळी घाईत निसटतात. त्या ओळींत हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो की माझ्या मनाला सतत वेदना आहे, माझ्या रक्ताच्या नातलगांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटून शापित व्हायलाही तयार झालो असतो. सिद्धांत मांडायला बसलेला माणूस असं बोलत नाही. त्याचे भाऊबंद बाहेर राहिलेत आणि ते त्याला सोसवत नाही, तुम्हाला सोसवत नाही तसंच. मग ती निवडीची सगळी अवघड वचनं येतात, ज्यांवरून तुमचा गट फुटायला आलाय. ती संपतात आणि दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो म्हणतो : त्यांचं तारण व्हावं ही माझ्या मनाची इच्छा आहे आणि देवाजवळ माझी विनंती आहे.

अध्यायांचे आकडे पौलानं घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकातले. तो सांगत होता आणि दुसरा कुणी लिहून घेत होता, तेव्हा कुंभार आणि ही विनंती एकाच ओघात आली. ‘ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर देव दया करतो’ हे ज्यानं सांगितलं तोच काही ओळींनी देवाकडे नातलगांसाठी मागतोय. त्याला यात विसंगती दिसली असती तर तो पुढे बोललाच नसता. यजमानांशी वाद घालू नका, एवढंच विचारा : नऊ लिहून झाल्यावर पौलाला दहाव्यातलं पहिलं वचन सुचतं, मग ते वाचून आपल्याला हात झटकायचं कसं सुचतं?

तुमचे यजमान निवडीवर भर देणाऱ्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनचे अनुयायी असतील तर कॅल्विनलाच साक्षीला बोलवू. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या लॅटिन आवृत्तीत निवडीवरचे अध्याय तिसऱ्या भागात एकविसाव्यापासून सुरू होतात. त्याच्या लगेच आधीचा विसावा अध्याय आहे प्रार्थनेवर, आणि तोही चांगला ऐसपैस. म्हणजे आधी वाचकाला गुडघ्यांवर बसवलं आणि मग निवडीबद्दल बोलायला तोंड उघडलं. त्याच निवडीच्या अध्यायांत तो चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनचा एक विचार आपला म्हणून पुढे ठेवतो. निवडलेल्यांत कोण आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांचंच तारण व्हावं अशी इच्छा मनात धरावी. ‘बाकीच्यांचं आपण काही करू शकत नाही’ हे वाक्य कॅल्विनचं नाही. ते यजमानांनी मधल्या मध्ये तयार केलंय. ‘बाकीचे’ कोण, ही यादीच कुणाच्या हातात दिलेली नाही, आणि तुमच्या भावाचं नाव त्या यादीत घालायचा अधिकार यजमानांना नाही. हे त्यांना प्रेमानं पण स्पष्ट सांगा.

आणखी एक. कॅल्विनवादाचे जे पाच मुद्दे लोक बोटांवर मोजून सांगतात ते हॉलंडमधल्या डॉर्टच्या महासभेतून आले, १६१८-१९ सालच्या. त्या महासभेच्या ठरावांच्या पहिल्याच भागात एक कलम खास तुमच्यासारख्यांसाठी आहे. ज्यांना स्वतःच्या विश्वासाची अजून खात्री वाटत नाही, पण जे प्रार्थना, वचन, मंडळी ही साधनं सोडत नाहीत, त्यांनी देवाच्या नकाराचा उल्लेख ऐकून घाबरू नये आणि स्वतःला नाकारलेल्यांत धरू नये. कारण मिणमिणती वात देव विझवत नाही. इतका कडक दस्तऐवज, आणि त्यात हे मऊ बोट. तो हातात घेऊन माणसं घाबरवत फिरणाऱ्यांनी हे कलम वाचलेलं नसतं असा माझा अनुभव आहे.

आता सासूबाई. ‘माणसानं दार उघडायचं असतं’ यात खोट नाही. पवित्र शास्त्रात ‘या’, ‘वळा’, ‘विश्वास ठेवा’ या हाका जागोजागी आहेत, आणि ऐकणाऱ्याला काहीच करता येत नसेल तर त्या हाका म्हणजे थट्टा ठरते. सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चक्क लिहिलंय. कुणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही, हे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात. पण त्यांच्या दुसऱ्या वाक्याला, ‘तुझीच साक्ष कमी पडली’ याला, त्यांच्याच बाजूचे जाणते लोकसुद्धा मान डोलावणार नाहीत. ज्याच्या नावानं ही बाजू ओळखली जाते तो याकोब आर्मिनियस जिनिव्हात कॅल्विनच्या वारसदाराच्या, बेझाच्या हाताखाली शिकलेला. तो गेल्यानंतर १६१० साली त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्यातही माणसाला आपल्या बळावर विश्वास ठेवता येत नाही, कृपा आधी यावी लागते, असं स्वच्छ म्हटलंय. वाद होता तो एवढाच की आलेली कृपा माणसाला नाकारता येते का. ते म्हणाले येते. डॉर्ट म्हणालं की देव ज्याला नवा जन्म देतो त्याच्या बाबतीत ती आपलं काम करूनच थांबते. माणसानं आपल्या जोरावर देवाकडे चालत जावं हे मत तिसऱ्याच एकाचं, पेलेगियसचं. ते मंडळीनं ४१८ सालीच कार्थेजला फेटाळलं आहे.

तुमच्या भावाचा विश्वास तुमच्या साक्षीवर टांगलेला असता तर तुम्हीच त्याच्या तारणहार झाला असता. तेवढं मोठं पद सासूबाईंना तुम्हाला द्यायचं नसणार. कदाचित नातलग दूर गेल्याचं दुःख त्यांनाही आहे आणि कुणालातरी दोष दिला की ते हलकं होतं. तरीही ते वाक्य त्यांनी परत घ्यायला हवं. यजमानांनी ते आपल्या आईला सांगितलं तर उत्तम. सुनेनं सांगितलं की त्याचं निराळंच काहीतरी होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेतही हाच वाद शतकानुशतकं चालला, आणि तिथे त्याला दोन मजेशीर नावं मिळाली : मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं; मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. दोन पंथ, दोन पिल्लं. श्रद्धा वेगळी, देवाबद्दलचं बोलणं वेगळं, मी फक्त चित्र उसनं घेतेय. तुमच्या घरात यजमान मांजराच्या बाजूनं आणि सासूबाई माकडाच्या.

प्रभू येशूच्या तोंडी मात्र तिसराच प्राणी आहे. यरुशलेमकडे पाहून तो म्हणतो की कोंबडी जशी पिल्लांना पंखांखाली घेते तसं तुझ्या मुलांना गोळा करायची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. कोंबडी पिल्लांना तोंडात धरून नेत नाही आणि पिल्लंही तिला लटकत नाहीत. ती पंख पसरते आणि बोलावते. सासूबाईंना हे वचन आवडेल. पण हाच येशू योहानाच्या सहाव्या अध्यायात म्हणतो की पित्यानं ओढल्याशिवाय कुणी माझ्याकडे येऊ शकत नाही. तिथे ‘ओढणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे तोच योहान एकविसाव्या अध्यायात माशांनी भरलेलं जाळं ओढताना वापरतो. एकशे त्रेपन्न मासे, आणि एकालाही ‘येतोस का’ असं कुणी विचारलेलं नाही. यजमान खूश. त्यांनी इथेच पुस्तक मिटू नये म्हणून सांगते, तोच शब्द बाराव्या अध्यायातही आहे : मला उंच केलं म्हणजे मी सर्वांना माझ्याकडे ओढून घेईन. सर्वांना! आता मासे किती आणि जाळं केवढं?

यावर बरेच जण ‘एकाच नाण्याच्या दोन बाजू’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मांडणीत खरोखरच फरक आहे आणि काही ठिकाणी दोघंही बरोबर असूच शकत नाहीत. कृपा शेवटपर्यंत नाकारता येते किंवा येत नाही. ख्रिस्त प्रत्येकासाठी मेला किंवा फक्त आपल्या निवडलेल्यांसाठी. आपण गोड बोललो म्हणून हे प्रश्न विरघळत नाहीत.

तुम्ही विचारलंत म्हणून माझा कल सांगते. मी यजमानांच्या बाजूला थोडी जास्त झुकलेली आहे. मी विश्वासात कशी आले हे आठवते तेव्हा ‘मी निवड केली’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी तर पळत होते. प्रेषितांच्या कृत्यांत लुदियाबद्दल लिहिलंय ना, प्रभूनं तिचं अंतःकरण उघडलं, तसंच काहीसं झालं. पण ख्रिस्ताचं मरण काही ठरावीक लोकांपुरतंच होतं, या मुद्द्यापाशी मी थबकते आणि पुढे जात नाही. माझ्या एका जुन्या शिक्षकांनी यावरून मला ‘साडेचार मुद्द्यांची’ म्हटलं होतं. असू दे.

मराठीनं या बाबतीत मोठी गंमत केली आहे. ‘तरणे’ आणि ‘तारणे’ यांत एका काना-मात्रेचाही नाही, नुसत्या एका कान्याचा फरक. तो तरला म्हटलं की तो स्वतः. त्याला तारलं म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी. आणि आपण मंडळीत साक्ष देताना काय म्हणतो? ‘माझं अमुक साली तारण झालं.’ मी केलं असंही नाही आणि त्यानं केलं असंही नाही, नुसतं ‘झालं’. कॅल्विनच्या जिनिव्हाला आणि आर्मिनियसच्या लायडनला जे जमलं नाही ते आपल्या साध्या विश्वासूंनी एका क्रियापदात जमवून ठेवलंय.

आता तुमच्या प्रार्थनेकडे परत येते, कारण इथे तुम्हाला एक सोबतीण द्यायची आहे.

कृपेबद्दल सगळ्यात ठासून बोलणारा माणूस म्हणजे ऑगस्टीन. लूथर आणि कॅल्विन दोघंही त्याच्या खांद्यावर उभे आहेत. तारुण्यात तो आईचा विश्वास सोडून भलत्याच पंथात गेला होता. आई मोनिका वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत प्रार्थना करत होती. ३८३ साली त्यानं कार्थेज सोडून रोमला जायचं ठरवलं. ती किनाऱ्यापर्यंत मागे आली. एक तर परत चल नाही तर मला बरोबर ने म्हणाली. त्यानं तिला थाप मारली की एका मित्राला निरोप द्यायचाय, वारा सुटेपर्यंत त्याच्याजवळ थांबतो. जहाजाजवळच संत सिप्रियनच्या नावाचं एक प्रार्थनास्थळ होतं, तिथे रात्र काढायला तिला कसंबसं राजी केलं. ती रात्रभर आत प्रार्थना करत होती. काय मागत होती? की देवा, याला जाऊ देऊ नको. आणि तिकडे वारा सुटला, शिडं भरली, तो निघून गेला. सकाळी ती किनाऱ्यावर आली तर समोर रिकामं पाणी.

हे सगळं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलंय, देवाला उद्देशून. त्याच्या लेखी देवानं त्या रात्री तिचं मागणं नाकारलं, कारण ती नेहमी जे मागत आली होती ते द्यायचं होतं. रोमहून तो मिलानला गेला, तिथल्या बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकली, ३८६ साली वळला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिका तोपर्यंत समुद्र ओलांडून त्याच्यापाशी पोहोचली होती. बाप्तिस्मा पाहून त्याच वर्षी ती वारली.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की इच्छेच्या दुबळेपणावर आणि देवाच्या निवडीवर ज्यानं सगळ्यात जास्त लिहिलं, त्याला आईच्या रडण्याचा विसर पडला नाही. ‘मला देवानं निवडलंच होतं, ती उगाच रडली’ असं तो कुठे म्हणत नाही. उलट ती काय मागत होती ते त्यानं रात्रीसकट नोंदवून ठेवलंय. आणि तिनंही त्या रात्री चुकीचंच मागितलं होतं, हेही विसरू नका. तुम्हाला शब्द सुचत नाहीत म्हणता. तिला सुचले होते आणि ते चुकीचे निघाले. देवाला त्यानं अडचण झाली नाही.

तुमचा प्रश्न, ‘सगळं त्याच्यावरच असेल तर देवाकडे मागायचं काय?’ गंमत अशी की सासूबाईसुद्धा गुडघ्यांवर बसल्या की ‘देवा, तू त्याच्या इच्छेत लक्ष घालू नको’ असं म्हणत नसणार. त्या म्हणत असतील, ‘त्याचं मन वळव.’ मन वळवणं म्हणजे काय? ते यजमानांचंच मत झालं. आणि यजमान उपदेश करतात किंवा कुणाला साक्ष देतात तेव्हा ‘विश्वास ठेव’ असंच म्हणतात, ‘तू नेमलेला असशील तर बघ’ असं नाही. ते सासूबाईंचं झालं. विल्यम केरी पक्का कॅल्विनवादी होता. निवडलेले आपोआप येतील म्हणून तो घरी बसला नाही, १७९३ साली जहाजात बसून हिंदुस्थानात आला. आपल्या मराठीचं १८०५ सालचं छापील व्याकरण त्याच्याच नावावर आहे. सांगायचं ते हे, की एक बाजू उभी राहिली की बोलते एक आणि गुडघे टेकले की दुसरंच. दोघांच्या प्रार्थना लिहून काढल्या, म्हणजे यजमानांची आणि सासूबाईंची, तर कोणती कुणाची हे तुम्हाला ओळखता येणार नाही. तुम्ही त्यांची मतं ऐकून गप्प झालात. त्यांच्या प्रार्थना ऐका. आजच रात्री यजमानांना म्हणा, ‘मला जमत नाहीये, तुम्ही त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करा, मी आमेन म्हणते.’ ते काय म्हणतात ते नीट कान देऊन ऐका. मला वाटतं त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू येईल.

‘आधीच ठरलेलं असेल तर?’ याला मी युक्तिवादानं उत्तर देत नाही, एक गलबत दाखवते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्तावीस. पौल कैदी आहे, वादळ कित्येक दिवसांचं, सूर्य नाही, तारे नाहीत, माणसांनी जगायची आशा सोडलेली. पौल उठून सांगतो की रात्री देवाचा दूत माझ्यापाशी उभा होता, तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही, फक्त गलबत जाईल. ठरलं. देवाचा शब्द मिळाला. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजनाची दोरी, टाकून बघतात तर वीस वाव पाणी, थोड्या वेळानं पंधरा. खडकावर आदळू नये म्हणून वराम्यावरून, म्हणजे मागच्या बाजूनं, चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. मग खलाशी नाळीकडून, म्हणजे पुढूनही, नांगर टाकायचे आहेत असं भासवून हळूच होडी पाण्यात सोडायला लागतात. पळायचा बेत. पौलाच्या ते लक्षात येतं आणि तो शताधिपतीला आणि शिपायांना म्हणतो, ही माणसं गलबतावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही.

कुणी त्याला विचारलं नाही की अरे, परवाच तर म्हणालास एकही मरणार नाही, मग आता हे ‘नाहीतर’ कुठून काढलंस? शिपायांनी होडीचे दोर कापले आणि ती वाहून जाऊ दिली. बस. देवाचा शब्दही खरा आणि दोर कापणंही गरजेचं, आणि या दोन्हींच्या मध्ये पौलानं एक ओळही खर्च केलेली नाही. मी कितीतरी वर्षं त्या मोकळ्या जागेत स्पष्टीकरण शोधत होते. आता तिथे फक्त एक चाकू आणि काही कापलेले दोर दिसतात.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. त्या गलबतावरच्या दोनशे शहात्तर जणांबद्दल देवाचा शब्द मिळाला होता. तुमच्या भावाच्या नावाचा असा शब्द मला मिळालेला नाही आणि तुम्हाला मिळालाय असं सांगून मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. कुणी छातीठोकपणे तसं सांगितलं तर त्याच्यापासून सांभाळून राहा. पण तो बुडणारच असाही शब्द कुणाला मिळालेला नाही. उजाडेपर्यंत जे हाती असतं तेच तुमच्या हाती आहे.

गटाबद्दल दोन शब्द. हा वाद हाताबाहेर गेला की काय होतं ते डॉर्टनंच दाखवलंय. आर्मिनियसच्या बाजूच्या लोकांना तिथे चर्चेला म्हणून नाही, आरोपी म्हणून उभं केलं आणि जानेवारी १६१९ मध्ये सभेबाहेर काढलं. पुढे दोनशेच्या आसपास पाळकांची पदं गेली. त्यांची बाजू घेणारा हॉलंडचा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा मे महिन्यात शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता आणि त्यात राजकारण पुष्कळ होतं, पण धर्मवादानंच लाकडं पुरवली होती. कॅथलिकांमध्येही हाच वाद पेटला होता, डॉमिनिकन संघ एका बाजूला, जेझुइट संघ दुसऱ्या. रोममध्ये जवळपास नऊ वर्षं सुनावण्या चालल्या. शेवटी १६०७ साली पोप पाचवा पॉल यानं निकालच दिला नाही. दोघांनी आपापलं मत ठेवावं, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नये, असं सांगून घरी पाठवलं. मी प्रोटेस्टंट आहे, पोपचं कौतुक करायची मला सवय नाही. पण इथे करते.

तुमच्या गटाला पाखंड वगैरे शब्द वापरायची हौस नसावी अशी आशा आहे. गट चालवणाऱ्या भावाला सुचवा की नऊ, दहा, अकरा हे तिन्ही अध्याय एका बैठकीत, मध्ये कुणी न बोलता, मोठ्यानं वाचून काढा. अर्ध्या तासाचंसुद्धा काम नाही. अकराव्याच्या शेवटी पौल युक्तिवाद आवरत नाही. देवाचे मार्ग किती अगम्य, असं म्हणून स्तुतीच करायला लागतो. बैठक तिथेच थांबवा. चर्चा पुढच्या आठवड्यात. आणि गटात कुणाच्याही हरवलेल्या नातलगाचं उदाहरण देऊन मुद्दा मांडायचा नाही, हा नियम आधी करून घ्या. तुमच्या भावाचं नाव तिथे मुद्दा म्हणून आलं, हीच या सगळ्यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट.

अठराव्या शतकातले इंग्रज उपदेशक वेस्ली (सासूबाईंच्या बाजूचा) आणि व्हाइटफील्ड (यजमानांच्या) यांच्यातही याच विषयावरून छापील भांडण झालं होतं, वेस्लीचं प्रवचन १७३९ चं आणि व्हाइटफील्डचं उत्तर पुढच्या वर्षाअखेरचं. ती पत्रकं आज वाचली तरी अंगावर येतात. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे लंडनमधलं स्मरणप्रवचन वेस्लीनं केलं. मधली तीस वर्षं दोघांनी मतं बदलली नव्हती.

राहता राहिला भाऊ. त्याच्या हसण्यावर जाऊ नका. ‘आधी तुमच्यात ठरवा’ असं म्हणणारा माणूस अजून ऐकतोय, नाहीतर त्याला ते बोचलं नसतं. त्याला रोमकरांस पत्र पाठवू नका, व्हिडिओ तर मुळीच नको. मंडळीचा विषय तुम्ही काढू नका. त्यानं काढला तर पळू नका. तीन वर्षांत तुम्ही त्याला असा किती वेळा फोन केलात ज्यात तारणाचा विषय आला नाही? आकडा मला कळवू नका, स्वतःशीच मोजा. त्याच्या कामाचं विचारा, तब्येतीचं विचारा, लहानपणी दोघांनी मिळून काय उद्योग केले होते ते काढून हसा. तो तुमचा भाऊ आहे आणि हे ठरायला कुणाच्या महासभेची गरज नाही.

त्या गलबताचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. ते वाळूत रुतलं आणि लाटांनी फुटायला लागलं. ज्यांना पोहता येत होतं त्यांनी आधी उड्या टाकल्या. बाकीचे कुणी फळ्यांवर, कुणी गलबताच्या तुकड्यांवर. पोहणारे तरले म्हणा, फळ्यांवरचे तारले म्हणा; लागले सगळे एकाच किनाऱ्याला.

तर रविवारी त्याला फोन करा. आणि त्यानं हसत विचारलंच की काय मग, ठरलं का तुमचं, तर सांगा : नाही रे, सोळाशे वर्षं चाललंय, एवढ्यात कुठलं ठरायला. तू ये.

तुमची,
ताई